वेशीत वाजलेली लड

अण्णा,

तुझ्यावर काहीतरी लिही, असं शाळेतले सहकारी मागं लागले आहेत. तू कधी भरती झालास, पूर्वेकडच्या लढाईत कुठं होतास, कोणते बिल्ले मिळाले, एवढं लिहिलं तरी त्यांना पुरेल. ते सगळं मला माहीत आहे. पण लिहायला बसलो की तुझी कललेली मान दिसते. आपल्या पद्धतीप्रमाणे तुला मातीसाठी बसवून नेत होतो. कळकाचं विमान, कोपऱ्यांना केळीचे खुंट, झेंडूच्या माळा आणि मध्ये मांडी घातलेला तू. वेशीच्या तोंडाशी ते विमान एका अंगाला झुकलं, तुझा पटका कानावर घसरला आणि समोरच्या हॉटेलाच्या बाकड्यावरून कुणीतरी हसलं. मी मागेच चालत होतो. पटका सावरायला माझा हात वर गेला नाही.

म्हणून बिल्ले राहू देत. मला त्या दिवसाबद्दल तुझ्याशी बोलायचं आहे, आणि तिथं पोचायला थोडं मागं जावं लागेल.

माझं लग्न झालं तेव्हा तू नुकताच कायमचा घरी आला होतास. गेलास तेव्हा आपण म्हैसूर राज्यात होतो, आलास तेव्हा कर्नाटकात. "नाव बदललंय, बस तीच हाय," असं तू स्टँडवर उतरल्या उतरल्या म्हणालास आणि अप्पा हसले. त्या वर्षी घरात हसण्यासारखं तेवढंच झालं. तू भरलेल्या ताटावरून उठून जायचास. मागून कुणी हाक मारली तर अंगावर धावून जायचास. वहिनी तुझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवायची तो लांबून सरकवायची.

वरात आपल्या तालुक्याच्या गावातून, कल्याणच्या बाजारातून निघाली. मी नवा मास्तर, अंगात पांढराशुभ्र सदरा, कपाळाला बाशिंग. सासरच्यांनी शोभेची दारू हौसेनं आणली होती. पहिला बॉम्ब वाजला आणि काय होतंय ते कळायच्या आत तू मला गटाराच्या कडेला पाडलंस आणि माझ्यावर आडवा झालास. तुझं सगळं वजन माझ्या पाठीवर होतं. तुझी हनुवटी माझ्या मानेत रुतली होती आणि तू कानाशी पुन्हा पुन्हा म्हणत होतास, "डोकं वर करू नको तम्मा, डोकं वर करू नको."

अप्पांनी वऱ्हाडाला सांगितलं, पोरगं प्यालंय. तू जन्मात दारूला शिवला नव्हतास. पण घाबरलेल्या मुलापेक्षा प्यालेला मुलगा अप्पांना परवडला. दुसऱ्या दिवशी तू मला म्हणालास, "अप्पा बोलले ते बरं झालं. पिणारा सुधारतंय मनत्यात लोक. ह्याला काय मनावं ते कुणाला ठावं हाय?" मी सदऱ्यावरचा चिखल धुवत होतो.

शनिवार कसा सुरू झाला, हे मला नीट सांगता येणार नाही. करजगीचा सिद्राम तुझ्या पलटणीतला. एकदा तो आणि त्याची बायको महानंदा बस बदलत बदलत आपल्या गावी, राजेश्वरला आले, आपल्या शेतातल्या गुरांच्या कोठ्यात राहिले आणि रविवारी सांजच्या बसनं गेले. मग औरादकडचे एक सुभेदार आले, उमरग्याकडचे कुणी आले. सगळे लढाईवरून परतलेले, सगळे बायकापोरांसह. येणाऱ्याला काय होतंय, असं तू विचारलं नाहीस. "बा, कूडु," ये, बस, एवढं म्हणून अंबाडीच्या वाखाचं टोक त्याच्या हातात द्यायचास. दोर वळायला दोन माणसं समोरासमोर लागतात. बोलावं लागत नाही, पण एकाचा हात थांबला की दुसऱ्याला लगेच कळतं. शनिवारची दुपार अशी दोर वळण्यात जायची. रविवारी सकाळी बायका शेजारी येऊन बसायच्या आणि घरात काय चाललंय ते सांगायच्या. नवऱ्यानं ऐकायचं, दोर टाकून उठायचं नाही, हा तुझा एकच नियम.

"हा मला वळखत न्हाई कदी कदी," महानंदा पहिल्यांदा बोलली ती अशी. "पोरगं रडलं की त्याच्याकडं असं बगतोय, की मी पोराला उचलून शेजारणीकडं पळते." सिद्रामचे हात चालूच राहिले. त्या जागी दोर इतका कसला गेला की नंतर तो कुणालाही उकलता आला नाही.

बायकांचं म्हणणं वहिनी विहिरीवर ऐकून घ्यायची. माणूस मनानं लांब गेला की "अहो" ऐकू जात नाही, हे तिनंच तुझ्याशी झगडून शोधून काढलं होतं. अंगाला हात लावायचा नाही. जरा अंतरावर उभं राहून आधी त्याचं नाव घ्यायचं, मग गावाचं, मग आपलं. "मल्लिकार्जुन. राजेश्वर. मी शरणम्मा." असं म्हणत राहिलं की तू परत यायचास. पण नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं कसं? विहिरीच्या काठावर त्याची शाळाच भरायची.

"घे की गं."

"जीभ झडंल माझी."

"मंग हिरीला सांग आदी. हीर काय तुझी सासू हाय?"

उमरग्याकडची एक नवी बाई सरळ उखाण्यालाच लागली. चांदीचं ताट झालं, भोवती रांगोळी झाली, समईपर्यंत पोचली, तेव्हा वहिनी म्हणाली, "तुझं ताटपाट हुईपत्तुर तो आणिक एक लढाई करून येतंय बाई!" सगळ्याजणी विहिरीच्या कठड्याला धरून हसत सुटल्या. मी चहाची किटली घेऊन वाटेतच थांबलो होतो. आपल्या शेतात इतक्या मोठ्यानं हसणाऱ्या बायका मी कधी पाहिल्या नव्हत्या. ते ऐकायला मिळालं, ते तुझ्यामुळं. ते आठवलं की अजून बरं वाटतं, आणि लगेच त्याच्या मागून दुसरं आठवतं.

गावानं आपल्या शनिवारला नाव दिलं होतं, येड्यांची पलटण. बसमधून कुणी उतरलं की बाकड्यावरची पोरं सलाम ठोकायची. "आली रं पलटण! सावधान!" तू हात उंचावून त्यांना नमस्कार करायचास आणि चालू लागायचास. मला मात्र ते वर्गातसुद्धा ऐकू यायचं. फळ्याकडं तोंड केलं की वाटायचं, मागं कुणीतरी सलाम ठोकतंय. हेडमास्तरांनी एकदा सहज विचारलं, "तुमच्या शेतात शनिवारी काय असतं हो?" मी म्हणालो, "पाहुणे."

मग मीच ठरवलं की तुम्हाला मान मिळवून द्यायचा. पंधरा ऑगस्टला सगळ्यांना शाळेत बोलावू, पंचायतीच्या अध्यक्षांच्या हातून शाल-नारळ देऊ, दोन शब्द मी बोलेन. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "तम्मा, हार घातला की माणसाला उभारावं लागतंय. हितं आमी बसायला येतो."

"पण लोक हसतात, अण्णा."

"हसू दे की. कुणाला हसायलेत? मला का तुला?"

मी किटली उचलून आत गेलो. नंतरही दोन-तीनदा तो विषय मी काढला आणि दर वेळी तू दोराकडं बघत हसलास. एकदा गावानं मान दिला की टोमणे बंद होतील, अशी माझी खात्री होती. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाची खात्री. पलटणीतून सुट्टीवर येताना तू माझ्यासाठी कुठल्याही स्टेशनवरून एखादं पुस्तक आणायचास. एकदा बंगालीच आणलंस. "मला वाचता येत नाही हे," म्हणालो तर म्हणालास, "शिकलेला हायस, जमंल तुला." ते अजून कपाटात आहे. मला सगळं जमतं, असं तू खरंच धरून चालला होतास.

तू गेल्याचं कळलं आणि सगळे आले. कोठ्यापुढं बसून त्यांनीच तुझं विमान बांधलं, त्यांनीच वळलेल्या दोरांनी. मी घरी होतो. गल्लीतली पोरं विचारायला आली, "गुरुजी, कसं करायचं?"

मी म्हणालो, "थाटात. भजन सांगा, हलगी सांगा. कल्याणहून फटाके आणा. काही कमी पडू देऊ नका, जवान माणूस आहे आपला."

दिवाळीच्या दिवसांत शनिवार आला की घरोघर जाऊन "पोरांना जरा आवरा" अशी विनवणी करत फिरणारा मीच होतो. तरी "फटाके" हा शब्द तोंडातून गेला तेव्हा मला काहीही टोचलं नाही. मी विसरलो होतो, असंही म्हणता येत नाही. त्या घटकेला मला फक्त हॉटेलाचं बाकडं दिसत होतं, आणि त्यावरची माणसं तुझ्यासाठी टोप्या काढून उभी राहिलेली दिसत होती.

वेस दगडी. तिच्या तोंडाशी पोरांनी लड पेटवली आणि आवाज भिंतीवर आपटून परत आला. पुढच्या उजव्या कोपऱ्याला सिद्रामचा खांदा होता. तो सरळ खाली गेला, पोटावर, हात डोक्यावर घेऊन. सुभेदार भिंतीला चिकटले. एकजण शेताकडं पळत सुटला. विमान कललं, ते बाकीच्यांनी कसंबसं जमिनीला टेकवलं. हलगी थांबली, पण लड संपेपर्यंत वाजतच राहिली. आणि मग ते हसणं.

महानंदा मागच्या बायकांतून पुढं आली. त्याच्यापासून अंतर राखून ती धुरात उभी राहिली. डोक्यावरचा पदर घसरला होता, तिला भान नव्हतं.

"सिद्राम," ती म्हणाली. "करजगी. मी महानंदा."

भर वेशीत, सगळ्या गावापुढं. आपल्या आळीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. "अगं बया, नाव घ्यायलीय नवऱ्याचं!" असं कुणीतरी म्हणालं. महानंदानं तिकडं बघितलं नाही.

"सिद्राम. करजगी. मी महानंदा."

आवाज चढवला नाही तिनं. पुन्हा तेच, पुन्हा तेच. शेवटी त्यानं मान उचलली, आणि समोर त्याला तू दिसलास, एका अंगाला कललेला, पटका कानावर आलेला.

"मी पाडलो अण्णाला," तो म्हणाला. मग माती होईपर्यंत दिसेल त्याला तो हेच सांगत राहिला. मला पण सांगितलं. माझे दोन्ही हात धरून. दोघं पाण्याचा घोट न घेता निघून गेले. फटाके कुणी सांगितले, असं कुणी विचारलंच नाही, पोरांचा उद्योग असं सगळ्यांनी धरलं. मी तसं धरू दिलं.

पुढच्या शनिवारी वहिनीनं पीठ काढून ठेवलं होतं. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी सुभेदारांचा निरोप तेवढा आला, बसच्या कंडक्टरबरोबर. सिद्राम घराबाहेर पडत नाही. भिंतीकडं तोंड करून बसतो. महानंदानं नाव घेतलं तर म्हणतो, ते नाव घेऊ नको, त्या नावाच्या माणसानं अण्णाला पाडलंय. पोटात अन्न ठरत नाही.

वहिनीनं निरोप ऐकला आणि माझ्याकडं बघितलं. "तुमी कामून एवढं गप हायत, भावजी?"

मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय? तो तिकडं मरायलाय."

गुलबर्गा, अफझलपूर करत मी करजगीला गेलो. महानंदा दारात होती. या, म्हणाली नाही. आत सिद्राम निरोपात होता तसाच बसला होता. मी उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिलो.

"सिद्राम, फटाके मी मागवले होते. तू अण्णाला पाडलं नाहीस."

पाठ हलली नाही. "पोरानी आणले ते."

"पोरांना मी सांगितलं."

तेव्हा तो वळला. गाल आत गेले होते, दाढी वाढली होती. माझ्याकडं बघत त्यानं विचारलं, "तुमाला तर सगळं ठावं होतं की, गुरुजी?"

त्यात राग नव्हता. त्याला खरोखरच समजून घ्यायचं होतं. वर्गात असा प्रश्न आला की मी खडू घेऊन फळ्याकडं वळतो. तिथं वळायला काही नव्हतं. मी म्हणालो, "होतं."

महानंदा मध्ये आली. "हितं येऊन सांगून काय उपेग, गुरुजी? हसलेली माणसं तुमच्या गावात हायत. त्याच स्टँडवर उतरायचं हाय का न्हाई आमाला?"

"मी तिथंही..."

"जावा तुमी. बस चुकंल."

तुला ठाऊक आहे, त्या हॉटेलात मी कधी पाय ठेवला नव्हता. मास्तरानं तिथं बसू नये, असं मीच मानत आलो. त्या संध्याकाळी करजगीहून परतलो तो सरळ आत गेलो. आपल्या शेजारचा काशिनाथ सिद्राम कसा पडला ते करून दाखवत होता. कपडे मळू नयेत म्हणून खाली पोतं पसरलं होतं. मी म्हणालो, "अण्णाच्या मयतीला फटाके मी आणवले."

हॉटेलवाल्याची कढई जोरात होती. झारा थांबवून त्यानं विचारलं, "काय मनाले गुरुजी?"

शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज त्या एवढ्याशा खोलीत पोचला नव्हता. मला तेच पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं. "फटाके मी आणवले. आवाजानं त्या माणसांचं काय होतं, ते मला पक्कं माहीत होतं. अण्णाही तसाच होता. माझ्या लग्नात तो प्याला नव्हता."

हे शेवटचं मी ठरवून गेलो नव्हतो. अप्पांनी झाकलेलं, तू झाकू दिलेलं, ते माझ्या तोंडून असं भज्यांच्या वासात बाहेर पडलं. तुला आवडलं असतं की नाही, मला सांगता येत नाही.

काशिनाथ उठला. पोतं झटकून त्यानं त्याची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. कोपऱ्यातले म्हातारे बसलिंगप्पा म्हणाले, "मंजी त्या करजगीवाल्याला उगंच नावं ठिवली की रं आपुन." मग माझ्याकडं वळून, "पर गुरुजी, तुमी असं कसं केलाव?" मी सांगायला लागलो, की गावानं अण्णाला मान द्यावा म्हणून. वाक्य अर्ध्यावर सोडलं. बाकड्यावरची ती माणसं माझ्याकडंच बघत होती, आणि ती काही फार मोठी माणसं नव्हती, अण्णा. उघड्या पायांची, दिवसभर राबून चहाला आलेली. यांच्यासाठी मी तुला पाडलं.

बातमी बसबरोबर गेली असणार. लगेच नाही, पण एका शनिवारी दुपारच्या बसमधून सिद्राम आणि महानंदा उतरले. कुणी सलाम ठोकला नाही. कुणी उठून उभंही राहिलं नाही. काशिनाथनं महानंदाच्या हातातली पिशवी घेतली आणि शेतापर्यंत आणून दिली, एवढंच. कोठ्यात सुभेदार आले होते, उमरग्याचं जोडपं आलं होतं. सिद्राम कुणाशी न बोलता बांधाकडं गेला, जिथं तुला ठेवलं आहे. मागोमाग आम्हीही गेलो. नवी माती बसून तिथं खळगा पडला होता. तो काठाशी उकिडवा बसला, खळग्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "अण्णा, पडलास तू. लागलं न्हाई नव्हं?"

वहिनी हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता तिनं पदरात तोंड घातलं आणि मग तिला आवरेना. सिद्रामनं खोरं मागितलं. तो माती ओढत होता, मी टोपल्यानं टाकत होतो. जागा सपाट झाली तेव्हा त्यानं तळहातानं ती थापली आणि कोठ्याकडं जाऊन दोराचं टोक उचललं.

सिद्रामनं मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. तो बोलतो माझ्याशी. रविवारी सकाळी भाकरी मागून घेतली त्यानं, हसून. सांजच्या बसची वेळ झाली तेव्हा महानंदा वहिनीच्या पाया पडली, सुभेदारणीच्या पोरीच्या गालाला हात लावला आणि वाटेला लागली. वाटेत मी उभा होतो. काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं. ती थांबली नाही. परक्या पुरुषासमोर ओढतात तसा तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि कडेनं निघून गेली. इतक्या वर्षांत माझ्यासमोर तिनं कधी पदर ओढला नव्हता. राखी पौर्णिमेला ती मला राखी पाठवायची.

तू असतास तर तिला थांबवलं नसतंस, अण्णा. मीही थांबवलं नाही.